वजन उतरत होते तेव्हा : डोंगरपट्ट्यातील एका हृदयरुग्णाची फोनवरून घेतलेली काळजी

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एका शेतकऱ्याचे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि घरातील काही तपशील गाळले आहेत. घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो.

आमच्या लातूरच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले, त्याच्या दोन वर्षे आधी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, रक्तवाहिनी उघडली, परंतु झटक्यानंतर दवाखान्यात पोहोचेपर्यंत बरेच तास गेले असल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला होता. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३० टक्के आली. निरोगी माणसात ती साधारण ५५ ते ७० टक्के असते आणि ४० किंवा त्याखाली गेली की अशा रुग्णाला चार प्रकारची औषधे एकत्र द्यावीत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आबांना सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन ही चारही औषधे कमी मात्रेत सुरू होती. शिवाय अंगातले जास्तीचे पाणी लघवीवाटे काढणारी टॉर्सेमाइडची २० मिलीग्रॅमची गोळी रोज सकाळी होती.

शब्दांची एक अडचण येथेच नोंदवतो, कारण पुढच्या सगळ्या संभाषणावर तिचा परिणाम झाला. आपल्याकडे ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस गेला असा होतो. आधीच्या एका मुक्कामात कोणीतरी आबांच्या पत्नीला ‘यांना हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगितले, तेव्हा त्या तिथेच रडू लागल्या होत्या आणि त्यानंतर घरात या आजाराविषयी बोलणेच बंद झाले. आम्ही पहिल्या भेटीत ‘हृदयाचा पंप कमजोर झालाय, विहिरीवरची मोटर जुनी झाली की पाणी मागे साठतं तसं’ असे सांगितले. ते त्यांना पटले आणि पुढे आबा स्वतःच फोनवर ‘आज मोटर बरी चालतेय’ असे सांगू लागले.

अडचण

आमच्याकडे येण्यापूर्वीच्या आठ महिन्यांत आबा तीन वेळा दवाखान्यात भरती झाले होते, आणि तिन्ही वेळचा क्रम जवळपास सारखाच होता. सूज उतरवून घरी पाठवले जाई, तीन आठवडे बरे जात, मग लघवीची गोळी बंद होई. ‘पाय उतरले की गोळी कशाला खायची?’ हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता अडाणीपणाचा वाटेल, परंतु ताप उतरला की गोळी थांबवायची हेच आपण सगळे आयुष्यभर करत आलेलो असतो. त्यानंतर पायांवर सूज येई, चार पावले चालले की दम लागे, रात्री आडवे झाले की धाप लागे. अखेरीस आबा भिंतीला टेकून बसून रात्र काढू लागले की घरचे जीपची व्यवस्था करीत. शेवटच्या भरतीच्या वेळी त्यांचे वजन ६४ किलो होते आणि पाच दिवसांनी ते ५७.५ किलोवर आले. साडेसहा किलो पाणी एका दिवसात साठत नाही. त्याआधी किमान आठ-दहा दिवस शरीर इशारा देत होते, पण तो इशारा वाचणारे कोणी नव्हते.

दवाखाना गावापासून सुमारे ९० किलोमीटरवर, दोन एसटी बदलून. येण्याजाण्यात अख्खा दिवस जातो आणि सोबत एक माणूस लागतो. दसऱ्यानंतर तो माणूसच घरात नसतो, कारण मुलगा आणि सून कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि घरी आबा, आजी आणि नववीत शिकणारी नात एवढेच राहतात. आबांचा काळजीचा हंगाम आणि घर रिकामे असण्याचा हंगाम एकच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात बोलावण्याचा होता. वैद्यकीयदृष्ट्या तो सर्वांत चांगला होता आणि आबांनी तो मान्यही केला असता, परंतु दोन खेपांनंतर ते येणे थांबवतील हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होते. दुसरा पर्याय हिवाळाभर लातूरला मुलीच्या घरी राहण्याचा होता. आजींनी दोन शब्दांत तो निकाली काढला: जनावरे कोण बघणार?

तिसरा पर्याय केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेचा होता. २०१९ पासून सुरू असलेल्या या सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर जोडून देतात. गावापासून तीन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात ती उपलब्ध होती. एखाद्या नव्या तक्रारीसाठी ती फार उपयोगाची आहे, परंतु दर खेपेला तोच डॉक्टर समोर असेल याची खात्री नसते आणि हृदयाच्या या आजारात कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहणारा माणूस तोच असावा लागतो.

चौथा पर्याय, म्हणजे ब्लूटूथचा वजनकाटा, ब्लूटूथचे रक्तदाबयंत्र आणि मोबाइलवरचे अ‍ॅप, आम्हाला एका विक्रेत्याने दाखवला होता. तो मोहात पाडणारा होता. परंतु आबांच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. ती मारुतीच्या ओट्यावर येते किंवा नात ज्या शेजारच्या गावात शाळेला जाते तिथे येते. जे यंत्र रेंज नसताना गप्प बसते, त्याचे गप्प बसणे आणि रुग्ण ठीक असणे यांत फरक करता येत नाही.

या निर्णयात मला दोन मोठ्या अभ्यासांची मदत झाली. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलि-एचएफ अभ्यासात रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला वजन आणि लक्षणे सांगायची होती. पुन्हा भरती होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्याने कमी झाले नाही. काही रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही आणि अभ्यास संपेपर्यंत नियमित वापरणारे जेमतेम निम्म्यावर आले होते. उलट जर्मनीतील १,५७१ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिम-एचएफ-२ अभ्यासात रुग्णाच्या रोजच्या नोंदी एका केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास पाहत होत्या आणि लगेच पाऊल उचलत होत्या. तिथे अचानक भरती आणि मृत्यू यांमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. दोन्ही अभ्यासांतल्या रुग्णांची निवड आणि काळ वेगळा आहे, त्यामुळे त्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही मी त्यातून एवढे घेतले की आकडा पाठवण्याची सोय करण्याआधी तो आकडा कोण वाचणार आणि वाचून त्याच दिवशी काय करणार हे ठरवावे लागते.

काय केले

आम्ही पाचवाच मार्ग घेतला. पहिली भेट समोरासमोर झाली. भारतातील २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच डॉक्टरने, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत दूरून दिलेला सल्ला पाठपुरावा मानला जातो आणि त्यात औषधांची मात्रा बदलण्यास व नवे औषध जोडण्यास अधिक मोकळीक असते. म्हणून सहा महिन्यांत किमान एकदा आबांनी यायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले. रोजच्या फोनची सुरुवात आमच्या बाजूने होणार असल्यामुळे त्यांची स्पष्ट संमती घेऊन ती केसपेपरवर नोंदवली.

सूज नसतानाचे वजन ५७.५ किलो हे मूळ वजन ठरवले. साधा डिजिटल काटा आणि रक्तदाबयंत्र घेऊन दिले. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच धोतर-बंडीत वजन करायचे आणि नातीने ते वहीत लिहायचे. वहीच्या पानाचा फोटो ती शाळेच्या गावात पोहोचली की पाठवायची. आमच्या दवाखान्यातील सिस्टर अकराच्या आत तो पाहून नोंदवहीत चढवणार आणि फोटो आला नाही तर आशाताईंना फोन करणार. नियम असा ठरला: तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढले, वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला किंवा रात्री धाप लागली, तर त्याच दिवशी मला कळवायचे. उपकेंद्रातील मॅडमनी दर पंधरा दिवसांनी आबांना समोर बसवून माझ्याशी व्हिडिओवर जोडून देण्याचे मान्य केले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही त्याला होकार दिला.

पहिल्याच आठवड्यात वजन एका रात्रीत ५७.६ वरून ५४.८ वर आले. फोन केला तर आबा ठणठणीत होते. नातीला काटा कुठे ठेवला होता असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आज आजीने फरशी धुतली होती, म्हणून आतल्या घरात ठेवला.” आतले घर शेणाने सारवलेले होते, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर असा काटा चुकीचे वजन दाखवतो. त्या दिवशी उंबऱ्याजवळच्या शहाबादी फरशीवर खडूने एक चौकोन आखला गेला आणि काटा कायम त्याच चौकोनात राहिला. हा प्रसंग किरकोळ वाटेल, पण पुढे त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला, तो यथास्थळी येईल.

व्हिडिओवर काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आम्ही हळूहळू शिकलो. मानेची शीर पाहण्याचा प्रयत्न मी उपकेंद्राच्या मंद उजेडात तीनदा केला आणि सोडून दिला. मात्र नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धरल्यावर राहिलेला खड्डा कॅमेऱ्यात चांगला दिसतो. खुर्चीवर बसून वाकून चपलेचा पट्टा लावायला सांगितले आणि अर्ध्या मिनिटात दम लागला, तर हृदयावर दाब वाढला असल्याची ती बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. ‘किती उशा लागतात?’ हा पुस्तकातला प्रश्न आबांच्या घरी निरर्थक होता, कारण बाजेवर गोधडीची वळकटी एवढीच उशी होती. ‘रात्री उठून ओट्यावर येऊन बसावं लागलं का?’ असे विचारले की खरे उत्तर मिळे.

पहिला निर्णयाचा क्षण : वजन वाढले

डिसेंबरच्या थंडीत तीन दिवसांत वजन ५७.९ वरून ६०.२ वर गेले. नियमाप्रमाणे सिस्टरनी कळवले. माझ्यासमोर तीन वाटा होत्या: फोनवरच गोळी दुप्पट करायची, आबांना लातूरला बोलवायचे, किंवा आधी उपकेंद्रात तपासून मग ठरवायचे. मी तिसरी वाट घेतली, कारण वजन का वाढले हे कळल्याशिवाय गोळी वाढवणे म्हणजे गळकी टाकी बघायची सोडून मोटर जास्त वेळ चालवण्यासारखे होते.

मॅडमनी तपासले तेव्हा रक्तदाब १३८/८६, नाडी ८८, ऑक्सिजन ९५ टक्के होता, नडगीवर खड्डा स्पष्ट पडत होता आणि आबा पूर्ण वाक्ये न थांबता बोलत होते. त्यामुळे त्या रात्रीच हलवण्याची गरज नव्हती. मीठ वाढले का, गोळ्या चुकल्या का, या प्रश्नांना उत्तर नकारार्थी आले. मग मॅडमनी त्यांना औषधांची कॅरीबॅग कॅमेऱ्यासमोर टेबलावर पूर्ण रिकामी करायला सांगितली. आमच्या सगळ्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यात एक डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी होती. थंडीत गुडघे धरतात म्हणून आबांनी ती दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली होती आणि सहा दिवस दोन वेळा घेतली होती. या जातीची वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. आबांच्या दृष्टीने ते औषधच नव्हते, गुडघ्याची गोळी होती, आणि आम्ही विचारताना ‘औषधे’ असा शब्द वापरला होता.

ती गोळी बंद केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिले, टॉर्सेमाइड तीन दिवस ४० मिलीग्रॅम केले. चौथ्या दिवशी वजन ५८.१ होते. आधीच्या पद्धतीत हीच सूज चौथ्या भरतीवर जाऊन थांबली असती, असे मला वाटते. आम्हा सगळ्यांना त्याचा आनंद झाला आणि त्या आनंदात आम्ही थोडे निर्धास्त झालो.

दुसरा निर्णयाचा क्षण : वजन उतरले

स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन एकत्र चालू असताना रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन ठरावीक काळाने तपासावेच लागते, कारण ही दोन्ही औषधे पोटॅशियम वाढवू शकतात. जानेवारीत उपकेंद्रातून पाठवलेल्या नमुन्यात पोटॅशियम ५.९ आले आणि आम्ही हादरलो. आबांना तालुक्याला पाठवून पुन्हा तपासले तर ४.६. पहिल्या नमुन्यातील रक्तपेशी खडखडाटी रस्त्यावर आणि उशिरा पोहोचण्यात फुटल्या होत्या आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगला होता. पुन्हा तपासण्याचा निर्णय बरोबर होता. पण त्या दिवसाची ओढाताण, बुडालेली मजुरी आणि जीपचे भाडे सर्वांच्या लक्षात राहिले, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली तपासणी ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत पुढे गेली. तो निर्णय कोणी घेतला नव्हता. पुढे ढकलताना मीही गप्प राहिलो होतो.

मार्चच्या अखेरीस पारा चाळिशीकडे गेला. रानात ज्वारीची काढणी सुरू होती आणि आबा बरे वाटत असल्यामुळे सकाळी दोन तास रानात जाऊ लागले होते. हिवाळ्यात मी सांगितलेली ‘दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी नको’ ही मर्यादा ते तांब्या मोजून पाळत होते, आणि ती उन्हाळ्यात सैल करायची असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यातच एका लग्नातल्या जेवणानंतर दोन दिवस जुलाब झाले. गोळ्या मात्र एकही चुकली नाही, कारण गोळी कधीही बंद करायची नाही हा धडा आम्हीच गिरवून घेतला होता.

वहीतले आकडे नऊ दिवसांत असे उतरले: ५७.४, ५७.२, ५६.९, ५६.६, ५६.२, ५५.९, ५५.३, ५४.९, ५४.२. यातला प्रत्येक आकडा वेळेवर लिहिला गेला, फोटो रोज आला, सिस्टरनी तो रोज पाहिला आणि नोंदवला. आमचा नियम वाढलेल्या वजनाचा होता, त्यामुळे उतरते वजन कोणालाच खटकले नाही. शेवटच्या दोन दिवसांत तर ‘काटा पुन्हा सारवणावर ठेवला असेल’ असा शेरा नोंदवहीत आहे. पहिल्या आठवड्यातील त्या किरकोळ प्रसंगाने आम्हाला खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करायला एक तयार कारण दिले होते.

दहाव्या दिवशी सकाळी शाळेला जाण्याऐवजी नात मारुतीच्या ओट्यावर धावत गेली आणि तिने फोन केला. “आबा न्हाणीपाशी चक्कर येऊन पडले, बोलतात पण उठता येत नाही.” आशाताई आणि मॅडम अर्ध्या तासात घरी पोहोचल्या. आडवे असताना रक्तदाब ८४/५६, जीभ कोरडी, पायावर सूज अजिबात नाही, आदल्या दुपारपासून लघवी नाही.

या क्षणी व्हिडिओ लावून आणखी पाहत बसण्यात अर्थ नव्हता. मला जे हवे होते ते रक्तातले पोटॅशियम आणि हृदयाचा आलेख, आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. १०८ रुग्णवाहिका बोलावून उपजिल्हा रुग्णालयात नेण्याचा निर्णय पहिल्या दोन मिनिटांत झाला. त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या थांबवल्या. मॅडमनी विचारले, “सर, ओआरएस देऊ का?” एरवी मी लगेच हो म्हटले असते. परंतु ओआरएसच्या पुडीत पोटॅशियम असते, आणि आबांचे पोटॅशियम चढले असण्याची दाट शक्यता होती. म्हणून घरीच साखर-मिठाचे पाणी करून घोटघोट द्यायला सांगितले. रुग्णालयातील डॉक्टरांना फोनवर औषधांची यादी, मूळ वजन आणि आधीचे क्रिएटिनिन, १.१, सांगितले आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवले.

तपासणीत क्रिएटिनिन २.६ आणि पोटॅशियम ६.१ आले, आलेखात टी लहरी उंच झाल्या होत्या, म्हणजे वाढलेल्या पोटॅशियमचा परिणाम हृदयावर दिसू लागला होता. या वेळी नमुना तिथेच घेतलेला होता आणि आकडा खरा होता. कॅल्शियम ग्लुकोनेट, ग्लुकोजसोबत इन्सुलिन, आणि छाती वारंवार तपासत सावकाश दिलेले सलाईन एवढ्यावर दोन दिवसांत आकडे उतरू लागले. पंपिंग क्षमता ३० टक्के असलेल्या माणसाला सलाईन लावणे हे कोणत्याही डॉक्टरला अवघड जाते. वहीतला नऊ दिवसांचा उतार समोर असल्यामुळे तो निर्णय घेणे सोपे गेले, असे तिथल्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितले.

परिणाम

आबा पाचव्या दिवशी घरी आले तेव्हा क्रिएटिनिन १.३ आणि पोटॅशियम ४.८ होते. औषधे एकेक करून परत सुरू केली: आधी मेटोप्रोलॉल, मग डापाग्लिफ्लोझिन, रक्तदाब शंभरच्या वर टिकल्यावर सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, आणि दोन रक्ततपासण्या चांगल्या आल्यावर स्पायरोनोलॅक्टोन अर्ध्या मात्रेत. टॉर्सेमाइड उन्हाळाभर १० मिलीग्रॅम ठेवले. या फेरमांडणीला सात आठवडे लागले आणि त्यातला बराचसा भाग उपकेंद्रातून व्हिडिओवर झाला.

देखरेख सुरू झाल्यापासून वर्षभरात आबा सूज आणि धाप यासाठी एकदाही भरती झाले नाहीत. अंगातले पाणी आटल्यामुळे एकदा झाले. वर्षाच्या शेवटी इकोमध्ये पंपिंग क्षमता ३६ टक्के आली. एका रुग्णावरून टेलिमेडिसिनचे मोजमाप करता येत नाही, आणि आबांना उपकेंद्रातल्या मॅडमसारखी तत्पर व्यक्ती लाभली हेही खरे आहे. ती बदलून गेली तर ही घडी कितपत टिकेल, याची मला काळजी वाटते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक नियम लिहितानाच झाली. या आजारात आपण सूज आणि धाप यांना इतके घाबरलेले असतो की वजन उतरणे ही चांगलीच बातमी वाटते. मराठवाड्यात मात्र वर्षातले किमान चार महिने उलटा धोका तेवढाच मोठा आहे: ऊन, रानातले काम, टँकरवर तोललेले पाणी, आणि पाणी काढणाऱ्या, रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या एकाच वेळी. आता आमच्या नियमात मूळ वजनापेक्षा दीड किलो खाली गेले तरी त्याच दिवशी फोन करायचा आहे, आणि फाल्गुनातच पाण्याची मर्यादा व लघवीच्या गोळीची मात्रा प्रत्येक रुग्णासाठी नव्याने ठरवली जाते.

दुसरी चूक म्हणजे ‘गोळी कधीही बंद करायची नाही’ हा अर्धवट धडा. जुलाब, उलट्या किंवा अन्न जात नसेल त्या दिवशी लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन थांबवून त्याच दिवशी आम्हाला विचारायचे, हे आता वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, आणि त्या चार पट्ट्यांना लाल टिकली लावलेली असते, कारण नावे कोणी वाचत नाही.

आकडा संशयास्पद वाटला तर तो पुन्हा घ्यायचा. ‘काटा चुकला असेल’ हा शेरा लिहिण्यापेक्षा एक फोन स्वस्त होता. रक्ततपासणीची तारीख आता माझ्या नावावर असते. ती चुकली तर सिस्टर मलाच विचारतात. नमुना गावातून न पाठवता बाजाराच्या दिवशी आबा तालुक्याला जातात तेव्हाच तिथे घेतला जातो.

एका गोष्टीचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे अजून नाही. आम्ही चौदा वर्षांच्या मुलीवर एका माणसाच्या जिवाची नोंद सोपवली होती. रुग्णालयाच्या आवारात ती वही छातीशी धरून बसली होती आणि मला फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, “सर, माझं लिहिताना काही चुकलं का?” तिचे काहीच चुकले नव्हते, चूक वाचणाऱ्यांची होती, आणि मी तिला तसे त्याच शब्दांत सांगितले. पण असा प्रश्न तिला पडावा, इतका भार आम्ही तिच्यावर टाकायला नको होता. मोठ्यांपैकी कोणीतरी हे काम घ्यावे असे ठरवून आशाताईंनी आजींना काट्यावरचे आकडे ओळखायला शिकवले. आजींनी सहा आणि नऊ यांची गल्लत होऊ नये म्हणून फरशीवरच्या चौकोनाला वरच्या बाजूने एक खूण करून घेतली. यंदा दसऱ्यानंतर मुलगा आणि सून फडावर गेले, नात दहावीच्या अभ्यासाला लागली, आणि सकाळचे वजन आजी मारुतीच्या ओट्यावरून फोन करून सांगतात: आधी किलो, मग पॉइंट, मग आबांनी रात्र कशी काढली ते.